त्यांच्यासमोर हिंदीतून

दिल्लीत राहणाऱ्या मराठी नवराबायकोची एक मोठी सोय असते. चारचौघांत उभं राहून खुशाल खासगी बोलता येतं. बाजारात दुकानदार साडीमागून साडी उलगडत असायचा आणि मी त्याच्याकडे हसून बघत नवऱ्याला सांगायचे, "हा लुटतोय, चला." यांच्या साहेबांच्या घरी जेवायला गेलो तर "भाजी खारट झालीय, पण थोडी परत घ्या, बरं दिसत नाही," हेसुद्धा आम्ही त्यांच्या देखत हसतमुखाने बोलून घ्यायचो. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही चौदा वर्षं काढली. तेवढी वर्षं मराठी ही घरात आमची रोजची भाषा होती आणि बाहेर पडलं की चोरखिसा.

पुढे एक वर्ष असं आलं की ही सोय उलटी झाली. मी माझ्या घरात, नवऱ्याच्या समोर बसून, त्यांना कळू नये म्हणून हिंदी बोलायला लागले. त्यांच्या मेंदूत कॅन्सरची गाठ होती. ते त्या वर्षीच्या दिवाळीआधीच गेले, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा उगाच आशा लावून बसणार नाही. त्यांना वाचवणं माझ्या हातात नव्हतं. एकच गोष्ट आपल्या हातात आहे असं मला वाटत होतं. ते जाणार आहेत हे त्यांना कळू द्यायचं नाही. आणि आणखी एक होतं, जे मी स्वतःशीही धड कबूल करत नव्हते. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. तेही त्यांना कळता कामा नये, एवढंच मी त्या वर्षी जिवापाड जपलं.

भित्री मी मुळातच. पाल, कडाडणारी वीज, रस्ता ओलांडणं, सासूबाईंचं आंतरदेशीय पत्र, मला कशाचीही भीती वाटायची. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात यांनी माझं नाव पाडलं, भित्री भागूबाई. नंतर त्यातलं भित्री गळालं आणि नुसती भागूबाई उरली. पाहुण्यांसमोरही "आमच्या भागूबाईंना विचारा" म्हणायचे. मी चिडायचे, आणि मी चिडले की त्यांना फार गंमत वाटायची.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. रोज पेपरात कुठलीतरी परदेशी कंपनी येत असल्याची बातमी असायची. हे मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. फायलीवर इंग्रजीत टिपणी लिहायची आणि तीच हिंदीत उतरवायची, यात त्यांचा हात कुणी धरत नसे. एके दिवशी घरी येऊन म्हणाले, "नोकरी सोडतोय. गुडगावला एका कंपनीचं नवीन ऑफिस उघडतंय, तिथे बोलावलंय." मी दोन दिवस जेवले नाही. त्याचा उपयोग झाला नाही. सहा महिन्यांत आम्ही क्वार्टर सोडलं आणि गुडगावच्या एका नव्या सेक्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो.

इमारतीत सोळा फ्लॅट होते आणि त्यांतले अकरा कुलूपबंद. बाल्कनीतून एका बाजूला मोहरीचं शेत दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी सळया वर आलेले खांब. दूध आणायला स्कूटर काढावी लागायची. फोनचा नंबर लागायला वर्ष जाईल असं सांगितलं होतं. आर. के. पुरममध्ये मी गॅलरीतून नुसती हाक मारली तर तीन बायका बाहेर यायच्या, एक मराठी, एक तमिळ आणि एक बंगाली. इथे हाक मारली तर चौकीदाराचं कुत्रं वर बघायचं. "सवय होईल, भागूबाई," हे म्हणाले. मला सवय व्हायच्या आधीच ते आजारी पडले.

सुरुवात शब्दांपासून झाली. चहा मागायचा असला की "ते... ते दे" म्हणायचे. मी म्हटलं, नव्या ऑफिसचा ताण. मग एका सकाळी ऑफिसातच त्यांना फिट आली. खुर्चीवरून पडले, कपाळ फुटलं. दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात डोक्याचा फोटो काढला, त्यात डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसली. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "आपका नाम?" ते नुसते बघत राहिले. "व्हॉट इज युअर नेम?" पुन्हा तेच. डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं, पेन दाखवलं. काही नाही. मी घाबरून पुढे झाले आणि म्हटलं, "अहो, पाणी हवंय का?" तेव्हा ओठ हलले. "पाणी," ते म्हणाले. मग थांबून, "गार." डॉक्टरांनी मला विचारलं, ही कुठली भाषा. मी मराठी म्हटल्यावर ते म्हणाले की असं कधीकधी होतं, शिकलेल्या भाषा जातात आणि आईची तेवढी राहते. ज्या माणसाने वीस वर्षं हिंदी आणि इंग्रजीत सरकार चालवायला मदत केली, त्याच्यापाशी आता साठ-सत्तर मराठी शब्द उरले होते. उजवा हात आणि उजवा पायही जड झाला होता.

तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून मी विचारलं, "गाँठ तो पूरी निकल गई ना?" डॉक्टर तरुण होते, रात्रपाळी करून थकलेले. त्यांनी मला बाहेर नेलं नाही. "यह बीमारी जड़ से नहीं जाती, जी. वापस आएगी. दिवाली तक... देखते हैं." मी चटकन यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते, चेहरा कोरा. आणि माझ्या मनात काय आलं असेल? देवा, बरं झालं, यांची हिंदी गेली.

पुण्याहून दीर आले होते. त्यांनीही बजावलं, "वहिनी, दादाला एक अक्षर कळता कामा नये. धीर सोडेल तो." आमच्या घरात सगळ्यांचं असंच करत आले होते. माझ्या सासऱ्यांना त्यांचा आजार शेवटपर्यंत सांगितला नव्हता, आत्याबाईंनाही नाही. मी लगेच मान हलवली. यांना मराठीत सांगितलं, "गाठ होती, काढून टाकली. आता नुसती विश्रांती." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले.

दीर आठ दिवसांनी परत गेले. त्यांचीही नोकरी होती. घरात उरलो मी, हे, आणि आमची तेरा वर्षांची मुलगी.

त्यानंतरचे महिने मला दिवसवार आठवत नाहीत, भीतीवार आठवतात. आधी फिटची भीती. फिट आली की डोळे वर जायचे, अंग ताठ व्हायचं, तोंडाला फेस यायचा. त्यांना कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं, एवढं मला शिकवलं होतं. त्यातलं कुशीवर वळवणं मला एकटीला जमायचं नाही, मुलीला हाक मारावी लागायची. ती पाय धरायची आणि रडत रडत सेकंद मोजायची. दवाखान्यापासून आम्ही पंचवीस किलोमीटर दूर. खाली दोन ब्लॉक पलीकडे एक एसटीडी बूथ, तोही दुपारी बंद. मी बाथरूमला जायला घाबरायचे. कुकरची शिट्टी वाजली तरी दचकायचे. ते झोपलेले असले की जवळ जाऊन छाती हलते का बघायचे, आणि हलताना दिसली की दुसऱ्या क्षणाला वाटायचं, आता उठतील.

उठले की काय, हीच भीती मोठी व्हायला लागली. सूज उतरावी म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या त्यांनी चेहरा गोल, सुजरा झाला होता, भूक भयंकर वाढली होती, आणि राग. आयुष्यात ज्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता त्या माणसाने पोळी गार आहे म्हणून ताट भिरकावलं. मुलीचा रिमोट हिसकावून भिंतीवर मारला. ती बिचारी मला म्हणाली, "आई, हे बाबा नाहीयेत. कोणी दुसरंच आहे." तिचं मराठी दिल्लीच्या शाळेतलं, निम्मं हिंदी. बाबांना हिंदी कळत नाही म्हणून ती माझ्याकडून शब्द विचारून घ्यायची. रजाईला काय म्हणतात, तकियाला काय म्हणतात. "बाबा, उशी," असं परकं असल्यासारखं म्हणत ती उशी पुढे करायची आणि लांब उभी राहायची.

एका सकाळी मी त्यांना गोळी देत होते. गोळी कडू होती, त्यांना नको होती, आणि नको हा शब्द सापडत नव्हता. मी म्हटलं, "घ्या ना हो, असं काय करता लहान मुलासारखं." त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. उजवा हात गेला होता पण डाव्यात सगळी ताकद उतरली होती. त्यांनी पिळलं. दोन बांगड्या फुटल्या, काच आत गेली. मी ओरडले तरी सोडलं नाही. मुलीने येऊन त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत ओळख आहे की नाही ते मला समजेना. त्या दिवसापासून मी मुलीच्या खोलीत झोपायला लागले, आतून कडी लावून. स्वयंपाकघरातही कडी लावायचे. आजारी नवऱ्यापासून कडी लावून पोळ्या लाटणारी बाई मी. लाज वाटायची, पण कडी काढायचं धाडस व्हायचं नाही.

हे सगळं बोलायचं कुणाशी? खालच्या मजल्यावर एक पंजाबी बाई राहायच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मनाने अगदी मोकळ्या. दर मंगळवारी कढी-चावल घेऊन वर यायच्या. हे आरामखुर्चीत बसलेले असायचे, समोर टीव्ही, आणि आम्ही दोघी त्याच खोलीत सोफ्यावर. त्यांना एकटं सोडून दुसऱ्या खोलीत जायची माझी हिंमत नव्हती आणि गरजही वाटत नव्हती. हिंदी होतीच की.

पुढच्या मंगळवारी बाईंनी माझ्या मनगटावरची पट्टी पाहिली आणि विचारलं. मी रडायलाच लागले. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. डॉक्टर दिवाळीपर्यंतचंच म्हणतात. फिट आली की वाटतं हीच शेवटची. "और सच बताऊँ, आंटी? मुझे इनसे डर लगता है. इनके हाथ से डर लगता है." त्यांनी मला जवळ घेतलं. मग मी ते वाक्य बोलले. "कभी-कभी लगता है कि अब छूट जाएँ. ये भी, और मैं भी." टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. हे टीव्हीकडे बघत होते.

त्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. मी जवळ गेले की हे डावा हात मांडीखाली घालून बसायचे. गोळी द्यायला गेले, जेवू घालायला गेले, दाढी करायला गेले, की हात मांडीखाली. अंगाचा सगळा भार त्या हातावर टाकायचे, बोटं पांढरी पडायची. मी बाहेर काढायला लागले तर मान हलवायचे आणि आणखी दाबून धरायचे. मला वाटलं, झालं, आता डावी बाजूही चालली. डॉक्टरांनी लक्षणं लिहून आणायला सांगितली होती, त्यासाठी एक वही केली होती. त्यात मी रोज लिहायला लागले, डावा हात मांडीखाली, सकाळी तीनदा, दुपारी दोनदा. पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, फिटचाच एखादा प्रकार असू शकतो, सांगता येत नाही. गोळी वाढवली. त्या वाढीव गोळीने हे दिवसभर पेंगायला लागले, लाळ गळायला लागली, होते त्यातलेही शब्द कमी झाले. हात मात्र मी जवळ गेले की मांडीखाली जायचाच.

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात एक पद्धत होती. कुणी बाळंत झालं किंवा कुणाचं ऑपरेशन झालं की बायका पाळी लावून डबे पाठवायच्या. मलाही दहा दिवस डबे आले. इतक्या लांब, दोन बस बदलून. पण बाळंतिणीला दहा दिवस पुरतात, हा आजार महिनोन्महिने चालतो, त्याची पाळी कशी लावायची कुणालाच माहीत नव्हतं. डबे थांबले. मी कुणाला दोष देत नाही, त्याआधी मीही असे दहा दिवसांचे डबे बऱ्याचदा पाठवले होते आणि अकराव्या दिवशी विसरले होते.

एक बाई मात्र येतच राहिल्या. कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्या, लष्करातल्या एका हवालदाराच्या पत्नी, साताऱ्याकडच्या. मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या कोपऱ्यात बसायच्या, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्याशी दोन वाक्यांच्या वर कधी बोलले नव्हते. त्यांच्या बोलण्याला आम्ही दोघी-तिघी मागून हसलोही होतो. त्या आल्या, डबा ठेवला, पदर खोचला आणि यांची चादर बदलायला घेतली. मी त्यांना वहिनी म्हणायचे, त्या मला ताई म्हणायच्या म्हणून यांना दाजी. "दाजी, वाईच कड बदला बरं," म्हणायच्या आणि हे गुपचूप वळायचे. मी विचारलं, एवढ्या लांब कशाला त्रास घेता. त्या म्हणाल्या, "माज्या आईचं मला कराय गावलं न्हाई, ताई. हिकडं हुते. तार आली तवर समदं झालं हुतं."

दर गुरुवारी त्या यायला लागल्या. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी मला दारापर्यंत ढकलतच नेलं. "तुमी भायेर जावा. दोन तास घरात पाय ठिवायचा न्हाई. आरशात त्वांड बघितलंय का कसं झालंय?" मी म्हटलं, फिट आली तर? "आली तर आली. मी हाय की. व्याया आलेली म्हस धरलीय मी, दाजींची कूस धराय भितीय व्हय?" इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा हसले.

कुठे जायचं ते कळेना. बस आली तिच्यात बसले आणि बदलत बदलत आर. के. पुरमला उतरले. आमच्या जुन्या क्वार्टरसमोरच्या बसस्टॉपवर बसले. आमच्या दोरीवर दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत होते. वरच्या मजल्यावरून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या, मुलं स्कूटरभोवती पळत होती. मी तिथे अर्धा तास काहीही न करता बसले आणि पोटभर रडले. मग अचानक वाटलं, आत्ता तिकडे काहीतरी झालंय. बसमध्ये सबंध वाट मी पदर चावत उभी होते, बसायला जागा असून.

दार वहिनींनी उघडलं. हे झोपले होते. वहिनींनी मला जिन्यात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, एक सांगू का? राग न्हाई ना यायचा?"

मी दाराकडे वळले. "फिट आली होती?"

"न्हाई वो. दाजीस्नी हिंदी कळतंय."

मी म्हटलं, शक्यच नाही. डॉक्टरांनी तपासलंय. त्यांना हिंदीत नावसुद्धा सांगता येत नाही.

"सांगाय येत न्हाई, ते येगळं." त्या पायरीवर बसल्या. "मी लगीन होऊन हिकडं आले, तवा हिंदीतलं एक अक्षर बोलाय येत नव्हतं मला. दोन वरसं. क्वार्टरांच्या लाइनीतल्या बाया माज्याच म्होरं माजंच बोलायच्या. गावंढळ हाय, आंगुळ तरी करती का न्हाई, समदं. त्यास्नी वाटायचं, हिला काय कळतंय. बोलाय येत नव्हतं, पर कळत समदं हुतं. मी आपली जिमिनीकडं बघत बसायची. दाजी तसंच बसत्यात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आज ती खालची बाई आलती. दाजींच्या म्होरं मला म्हणाली, बेचारे, दिवाली भी नहीं देखेंगे. दाजींनी त्वांड फिरवलं. डोळ्यांतनं पाणी आलं त्यांच्या. मी बघितलं, ताई."

मी आत गेले. पहिल्यांदा ती वही काढली. डावा हात मांडीखाली, पहिली नोंद, बुधवार. आदल्या दिवशी मंगळवार होता. कढी-चावलचा मंगळवार. इनके हाथ से डर लगता है.

आयुष्यभर घाबरले, पण त्या वेळेइतकी कधी घाबरले नव्हते. पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टर जे बोलले तेही त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी "गाठ काढून टाकली" म्हणाले तेव्हा बराच वेळ माझ्याकडे पाहिलं होतं, ते त्यासाठी. अब छूट जाएँ, हे ऐकलं होतं. आणि त्या हाताला मी लक्षण समजून वहीत लिहीत बसले, डॉक्टरांना दाखवलं, गोळी वाढवून आणली. माझ्या भीतीवर त्यांनी त्यांच्यापरीने जो इलाज केला होता, त्यावर मी औषध देत होते.

वहिनी नेहमीच्या बसने गेल्या नाहीत, मुलीला घेऊन खाली पंजाबी बाईंकडे जाऊन बसल्या. "बोला त्यांच्याशी," एवढंच म्हणाल्या.

वीज गेलेली होती. हे जागे झाले होते. मी त्यांना उठवून खुर्चीत बसवलं, बाल्कनीचं दार उघडलं. बाहेर अजून उजेड होता. मी समोर जमिनीवर बसले, आणि त्यांचा हात गेला मांडीखाली.

काय बोलायचं ते मी काहीच ठरवलं नव्हतं. "तुम्हाला हिंदी कळते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "हो."

"डॉक्टरांचंही कळलं होतं?"

"हो."

"आणि मी... मी जे बोलले ते?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि म्हटलं, मला माफ करा. मला भीती वाटते हो. तुम्ही जाल याची वाटते आणि तुम्ही उठाल याचीही वाटते. मी खोटं बोलले नव्हते, पण तुम्हाला ते ऐकवायचं नव्हतं. हे सगळं मी मराठीत बोलले. इतक्या महिन्यांत त्यांच्याशी मराठीत बोललेली पहिली खरी वाक्यं होती ती. बाकी सगळं उशी, पाणी, गोळी.

मग मी त्यांचा डावा हात धरला. त्यांनी दाबून ठेवला. मी सोडला नाही. भीती काही गेली नव्हती, ती शेवटपर्यंत गेली नाही. हळूहळू त्यांनी भार उचलला. हात बाहेर आला तेव्हा त्यावर खुर्चीच्या वेताचे वळ उमटले होते. तो मी माझ्या मनगटावर ठेवला, जिथे काच लागली होती तिथेच. त्यांनी मूठ वळली नाही. नुसता ठेवला.

त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द शोधायला लागले की कपाळावर घाम यायचा, तसा आला. मी पुढचा शब्द पुरवायचा मोह आवरला, थांबले.

"भागूबाई," ते म्हणाले.

कितीतरी महिन्यांनी ऐकलं मी ते. मला वाटलं, चिडवतायत. मी हसायला गेले. पण ते हसत नव्हते. त्यांनी हात माझ्या मनगटावरून उचलला, स्वतःच्या छातीवर टेकवला आणि माझ्याकडे बघत राहिले, मला समजतंय का ते बघत.

"मी," ते म्हणाले. "मीपण."